हंगामाआधी साइट तपासताना

या वेळच्या टपालात रंग, लोगो, फोटोंची मांडणी यांबद्दल एकही पत्र नाही. सगळी पत्रं एकाच जातीची: साइट झाली, पैसे चुकते केले, नारळही फुटला, आणि आता असं का होतंय? कोकणात साइट बनवून देणारे गल्लोगल्ली झालेत. ती झाल्यावर दर महिन्याला उघडून बघायला मात्र कुणी माणूस नेमत नाही. पुण्यात सॉफ्टवेअर तपासणीत उमेदवारी करून मी मालवणात आले, त्याला आता बराच काळ झाला. होमस्टे, आंबेवाले, एकदोन वाचनालयं यांच्या साइटवर गिऱ्हाइकाचं सोंग घेऊन हिंडायचं आणि जिथे अडेल तिथे खूण करायची, हा माझा पोटापाण्याचा धंदा. तेव्हा उत्तरं खडूस वाटली तर तो धंद्याचा दोष समजा. पत्रं थोडी कापली आहेत आणि नावं काढली आहेत.

*

ताई, आमचो तारकर्लेक होमस्टे आसा. साइट चालू आसा, लोक बघतत पण, आकडो दिसता. पण दिवाळीपासून चौकशीचो एक मेल येणा नाय. साइट बनवणारो सांगता, फॉर्म बरोबर आसा. मगे मेल जातत खंय?
— होमस्टेवाले, तारकर्ली

मेल जातत खंय ता सांगतंय, पण बाकीच्या वाचकांसाठी पुढचं पुस्तकी मराठीत.

तुमचा फॉर्म मी भरून बघितला. ‘धन्यवाद, आपला निरोप पोहोचला’ अशी हिरवी पट्टी आली. त्या पट्टीवर विश्वास ठेवू नका. तुमची साइट ज्या यंत्रावर ठेवलेली आहे, त्या सर्व्हरने मेल पुढे ढकलला की ती उमटते. तो तुमच्या हातात पडला की वाटेत गेला, याचा तिला पत्ताही नसतो. तुम्हाला फोनवरून स्पॅमचा कप्पा उघडायला लावला, तर तिथे चौकश्यांची रांग. दिवाळीतल्या मात्र आता सापडणार नाहीत, कारण जीमेल स्पॅममधलं ३० दिवसांनी आपोआप पुसून टाकतं.

असं का झालं? तुमचा फॉर्म मेल पाठवताना ‘प्रेषक’ म्हणून चौकशी करणाऱ्याचाच पत्ता लावतो. म्हणजे ठाण्याच्या कुणा बाईंनी आपला जीमेलचा पत्ता भरला, की तुमच्या होस्टिंगचा, म्हणजे साइटसाठी भाड्याने घेतलेल्या जागेचा, सर्व्हर त्या बाईंच्या नावाने पत्र टाकतो. जीमेल बघतं, पत्रावर नाव आमचं, पण ते आलंय भलत्याच सर्व्हरवरून. मग ते पत्र स्पॅममध्ये जातं, नाहीतर दारातूनच परत. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने हे आणखी आवळलं. मेल पाठवणाऱ्या प्रत्येक डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, एसपीएफ (या नावाने मेल पाठवायची मुभा असलेल्या सर्व्हरांची यादी) किंवा डीकिम (मेलवरची डिजिटल सही) यांपैकी एक तरी ओळखनोंद असलीच पाहिजे, असा नियम झाला. तुमच्या डोमेनला दोन्ही नाहीत.

तुमच्या माणसाला नेमकं हे सांगा. प्रेषक म्हणून आपल्याच डोमेनचा पत्ता लावायचा, चौकशी करणाऱ्याचा पत्ता ‘उत्तर इकडे’ या रकान्यात घालायचा, एसपीएफ आणि डीकिम दोन्ही नोंदी करायच्या आणि आलेली प्रत्येक चौकशी मेलखेरीज साइटच्या डेटाबेसमध्येही साठवायची. मेल हरवला तरी चौकशी हरवता कामा नये.

‘फॉर्म बरोबर आसा’ असं तो म्हणतो, कारण त्याने स्वतःचं नाव, स्वतःचा मेल आणि दहा आकडी मोबाइल टाकून बघितलं. गिऱ्हाईक तसं भरत नाही. कुणी नाव मराठीत लिहितं, कुणी नंबराच्या आधी शून्य लावतं, कुणी अधिक ९१ लावून मध्ये जागा सोडतं. तुमचा फॉर्म या शेवटच्याला ‘अवैध क्रमांक’ म्हणून परत पाठवतो, आणि तेही इंग्रजीत. यातला प्रत्येक प्रकार एकदा भरून बघायचा. महिन्यातून एक दिवस ठरवा, घरातल्या वेगळ्या माणसाने वेगळ्या फोनवरून फॉर्म भरावा आणि उत्तर हातात येईपर्यंत मागोवा घ्यावा. तिथपर्यंत गेलं तरच तपासणी झाली म्हणायची.

जाता जाता तुमच्या दोन लिंका. व्हॉट्सॲपच्या बटणातल्या नंबराला सुरुवातीला शून्य लावलंय. तिथे ९१ आणि पुढे दहा आकडे लागतात, शून्य नको आणि अधिकचं चिन्हही नको. आणि लँडलाइन ०२३६५ या एसटीडी कोडशिवाय लिहिलाय. मालवणात तो लँडलाइनवरून लागेल, पण पुण्याहून मोबाइलवरून लावणाऱ्याला नाही लागणार.

*

देवगड तालुक्यात आमची कलमं आहेत. गेल्या हंगामात साइटवरून हापूस विकला. काही गिऱ्हाइकांचे पैसे खात्यात आले, पण ऑर्डर ‘प्रलंबित’च राहिली आणि पेटी गेली नाही. फोनवर नको नको ते ऐकून घ्यावं लागलं. त्यात ऐन अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात ‘ही साइट सुरक्षित नाही’ असं येऊन साइट कुणाला उघडेना. यंदा आधीपासून काय बघून ठेवू?
— बागायतदार, देवगड

ही दोन वेगळी दुखणी आहेत. आधी पैशाचं.

गिऱ्हाईक पेटी निवडतं, यूपीआयवर बोट ठेवतं, फोन त्याला पेमेंट ॲपमध्ये नेतो, तिथे पिन टाकला की पैसे गेले. आता त्याने तुमच्या साइटवर परत यायचं असतं. बरेच जण येतच नाहीत. पैसे कापल्याचा मेसेज वाजला की फोन खिशात जातो. काहींचा फोन जुना असतो, तो ॲप बदलताना ब्राउझरच बंद करून टाकतो. तुमची साइट मात्र ‘गिऱ्हाईक परत आलं की ऑर्डर पक्की’ एवढंच जाणते आणि वाट बघत बसते. पेमेंट गेटवे, म्हणजे साइटसाठी पैसे घेणारी मधली सेवा, पैसे मिळाल्याचा वेगळा निरोप थेट तुमच्या सर्व्हरला पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात. ऑर्डर पक्की करायची ती या निरोपावर, आणि तीही निरोपावरची सही ताडून. नाहीतर उद्या कुणीही खोटा निरोप धाडून फुकट पेटी उचलेल. तोच निरोप कधी दोनदाही येतो. त्यावरून एकाच गिऱ्हाइकाला दोन पेट्या जाता कामा नयेत.

हे तपासायला साइटवर एक रुपयाची ‘चाचणी पेटी’ लावा. ती यादीत दिसू देऊ नका, फक्त लिंक असणाऱ्याला उघडू दे. मग खरे पैसे, खरा फोन. एकदा सरळ ऑर्डर करा. एकदा पिन टाकून झाल्या झाल्या ब्राउझर बंद करा. एकदा पिन चुकवा. एकदा ‘पैसे द्या’ हे बटण दोनदा दाबा. एकदा पेमेंट ॲपपर्यंत जाऊन चहा प्यायला उठा आणि वेळ संपू द्या. एकदा एकच पेटी शिल्लक ठेवा आणि दोन फोनवरून दोघांनी एकदम मागा. दर वेळी तीन गोष्टी ताडायच्या: बँकेत काय आलं, साइटवर काय नोंदलं, गिऱ्हाइकाला काय मेसेज गेला. तिन्ही जुळले पाहिजेत. गेटवेवर ‘चाचणी’ आणि ‘प्रत्यक्ष’ असे दोन वेगळे कप्पे असतात. तुमच्या माणसाने सगळं चाचणीच्या कप्प्यात करून दाखवलं असेल तर त्याला नमस्कार करा आणि वरचं सगळं प्रत्यक्षात पुन्हा करा. हंगाम सुरू झाला की रोज रात्री गेटवेचा हिशेब आणि ऑर्डरींची यादी समोरासमोर ठेवायची. दहा मिनिटांचं काम आहे, घरातली बारावीची पोरगीही करील.

आता दुसरं दुखणं. साइटच्या पत्त्याशेजारी जे कुलूप दिसायचं, त्यामागे एक प्रमाणपत्र असतं आणि त्याला मुदत असते. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट मिळणारं प्रमाणपत्र ९० दिवसांचं. ते आपोआप नवं होतं, म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण मध्ये होस्टिंग बदललं किंवा डोमेनच्या नोंदी हलवल्या की हे ‘आपोआप’ गुपचूप थांबतं. पूर्वी मुदत संपत आली की त्यांचा मेल यायचा. जून २०२५ पासून तेही बंद झालं. विकतच्या प्रमाणपत्राची मुदतही आता आखूड होत चालली आहे. जास्तीत जास्त ३९८ दिवस चालायचं, ते १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. (तारीख निवडणाऱ्यांना हापूस ठाऊक नसावा.) म्हणजे वर्षातून एकदा आठवणीने बदलू, हे आता चालणार नाही. मुदत रोज बघून पंधरा दिवस आधी मेसेज करणाऱ्या सेवा मिळतात, त्यांतली एक लावा. मेसेज दोन जणांच्या फोनवर यायला हवा. एक बागेत असेल तर दुसरा बघेल. डोमेनचं नूतनीकरण कुणाच्या नावावर आहे, कार्डाची मुदत कधी संपते, हेही एका कागदावर लिहून ठेवा. साइट बनवणाऱ्याच्या नावावर डोमेन असणं ही कोकणात मला सर्रास दिसणारी गोष्ट आहे, आणि त्या पोराने मुंबई गाठली की काय होतं ते विचारू नका.

हे सगळं जानेवारीत करायचं. मोहोराची फवारणी आपण आंबा आढीत घातल्यावर करत नाही.

आणि गेल्या वर्षीचे दर काढा. तुमच्या साइटवर पाच डझनाच्या पेटीचा दर दोन पानांवर दोन वेगळा आहे. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते पानावर मिरवताय ते ठीक. त्याखाली मानांकन वापरणारा बागायतदार म्हणून नोंदणी क्रमांक टाकलाय तो तुमचाच आहे ना, एवढं कागद काढून बघा. कॉपी-पेस्ट केलेल्या साइटवर दुसऱ्याचा क्रमांक आलेला मी पाहिला आहे.

*

आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची साइटवर आहे. सर्व्हर बदलल्यापासून काही नोंदी नुसत्या प्रश्नचिन्हांच्या झाल्या, काहींत विचित्र अक्षरं दिसतात, काही फोनवर चौकोन येतात. शिवाय ‘दुसऱ्या’ असं शोधलं तर अर्धीच पुस्तकं सापडतात. कंपनी म्हणते, मराठीचं असंच असतं.
— कार्यवाह, रत्नागिरी तालुका

मराठीचं असं काही नसतं. आळसाला भाषेचं नाव द्यायची ही जुनी खोड आहे.

तुम्ही तीन लक्षणं लिहिलीत, त्यांचे तीन वेगळे अर्थ आहेत. चौकोन दिसले तर मजकूर धडधाकट आहे, फक्त त्या फोनवर तो दाखवायला योग्य फाँट नाही. साइटने स्वतःबरोबर देवनागरी फाँट पाठवला की काम झालं. रोमन अक्षरांवर टोप्या, मात्रा आणि चलनाची चिन्हं चढल्यासारखा गिचमिड मजकूर दिसला, तर बहुधा मजकूर शाबूत आहे, पण तो यूटीएफ-८ (मराठीसकट सगळ्या लिप्या साठवायची नेहमीची पद्धत) ऐवजी दुसऱ्याच पद्धतीने वाचला जातोय. हेही सहसा परत आणता येतं. पण नुसती प्रश्नचिन्हं दिसली आणि डेटाबेसमध्येही प्रश्नचिन्हंच निघाली, तर तो मजकूर नव्या सर्व्हरवर उतरवतानाच गेला. प्रश्नचिन्हातून ‘ज्ञानेश्वरी’ परत काढण्याची विद्या अजून निघालेली नाही. जुन्या सर्व्हरची प्रत मागा, आणि ती मिळेपर्यंत त्या सूचीवर कुणालाही हात लावू देऊ नका. ही मागणी लेखी करा.

चौथंही एक लक्षण असतं, ते तुमच्या जुन्या वार्षिक अहवालांत मला दिसलं. अर्थ न लागणारी साधी इंग्रजी अक्षरं. ते युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत, येण्याआधीच्या फाँटमधलं टंकन आहे. तो फाँट असलेल्या यंत्रावरच ते मराठी दिसतं. परिवर्तकातून (कन्व्हर्टरमधून) ते युनिकोडमध्ये आणता येतं, पण नंतर माणसाने वाचलं पाहिजे. रफार आणि जोडाक्षरं इथे हमखास घसरतात.

आता शोधाचं. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन प्रकारे टंकला जातो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द. ‘ॲ’चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन भागवत, आणि अजूनही कित्येक जण तसंच टंकतात. तुमच्या सूचीत दोन टंकलेखकांनी दोन पद्धतींनी काम केलंय, म्हणून अर्धी पुस्तकं. युनिकोडचे तयार नियम लावूनही हे दोन प्रकार एक होत नाहीत. नोंद साठवताना आणि शोध घेताना दोन्हींचं एकच रूप करणारा नियम तुमच्या कंपनीला मुद्दाम लिहावा लागेल. काही ओळींचंच काम आहे. मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे हेही त्यातच उरकून घ्या, नाहीतर ‘१९८५’ शोधणाऱ्याला इंग्रजी आकड्यांत लिहिलेलं साल मिळणार नाही.

पानाची भाषा मराठी आहे, हिंदी नाही, असं साइटच्या मजकुरात आतून सांगावं लागतं. ते सांगितलं असेल आणि फाँट चांगला असेल, तर ल आणि श मराठी वळणाचे दिसतात. वाचनालयाच्या साइटवर हिंदी वळणाचा ल बघून मला दातात खडा आल्यासारखं होतं, पण हे माझं वैयक्तिक.

यापुढे सर्व्हर, फाँट, डेटाबेस, काहीही बदललं की हे शब्द नोंदवून, साठवून, परत शोधून आणि छापून बघा: दुसऱ्या, कऱ्हाड, वाङ्मय, ॲड., ऑगस्ट, उत्कृष्ट, पुनश्च, बाळ. एक जरी मोडला तरी काम परत करायला लावा. आणि आधीच्या व नंतरच्या नोंदींची एकूण संख्या जुळते का हे बघितल्याशिवाय अंतिम बिल देऊ नका.

*

गुहागरजवळ आमच्या खोल्या आहेत. साइट सांभाळणारी मंडळी दर महिन्याला अहवाल पाठवतात: एकही तुटकी लिंक नाही, गुण शंभरापैकी अठ्ठ्याण्णव. तरी पाहुणे येऊन भांडतात की साइटवर चुकीची माहिती आहे. मग हे गुण कशाचे?
— खोल्यांचे मालक, गुहागर तालुका

गुण वेगाचे, पानाच्या बांधणीचे, लिंका उघडतात की नाही याचे. लिंकेपलीकडे लिहिलेलं खरं आहे की नाही हे कुठलंही यंत्र सांगत नाही. तुमच्या ‘कसे याल’ या पानावर दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या शेवटच्या फेरीची वेळ आहे. ती कुणी आणि कधी विचारून टाकली? रात्री धोपाव्याच्या काठी दिवे दिसतायत आणि बोट बंद, अशा अवस्थेत दाभोळला अडकलेलं कुटुंब चिपळूणमार्गे वळसा घालून तुमच्याकडे पोहोचतं, तेव्हा ते भांडणारच.

कोकणातल्या साइटची निम्मी माहिती पावसाबरोबर बदलते. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनमध्ये लागतं आणि गाड्यांच्या वेळा सरकतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि तुमच्या जेवणाच्या पानावर ‘रोज ताजा सुरमई’ बाराही महिने झळकतोय. जंजिऱ्याला आणि सिंधुदुर्ग किल्ल्यावर पावसाळ्यात होड्या जात नाहीत. ‘जवळची ठिकाणं’ म्हणून तुम्ही जंजिरा दिलाय (जवळ कसला?), तो जुलैत बघायला निघालेला माणूस मुरुडच्या धक्क्यावरून परत फिरणार.

उपाय साधा आहे. साइटच्या प्रत्येक पानाची एक वही करा. पान, त्यावरची बदलू शकणारी माहिती, ती कुणाला विचारून खात्री करायची, आणि पुढे कधी बघायची. फेरीबोट: धक्क्यावर फोन, मे अखेर आणि ऑक्टोबर. दर: दिवाळीआधी आणि एप्रिलआधी. मासळी: जून आणि ऑगस्ट. जी माहिती सांभाळता येणार नाही ती टाकूच नका. फेरीच्या वेळा लिहिण्यापेक्षा ‘निघण्यापूर्वी आम्हाला फोन करा’ हे जास्त खरं आहे.

नकाशावरची खूणही बघून घ्या. तुमच्याकडे ती बरोबर आहे, पण एका देवगडच्या साइटवर ‘जवळचं स्टेशन नांदगाव’ म्हणून लिंक होती आणि ती उघडायची नाशिक जिल्ह्यातलं नांदगाव. आपलं स्टेशन नांदगाव रोड. लिंक अर्थातच ‘तुटकी नाही’ या सदरात होती.

*

रात्री उशिरा झालेली बुकिंगं आदल्या दिवसाच्या तारखेने पडतात. एकदा एकच खोली दोघांना गेली. कुणालाच कारण सापडत नाही.
— दापोली

मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळातलीच आहेत ना? सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतोय आणि आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे रात्रीचा एक वाजलेला असतो तेव्हा तिथे कालची संध्याकाळ. वेळ साठवताना कुठलीही साठवू द्या, तारीख ठरवताना भारतीय वेळ धरायला सांगा. तपासायला एकदा खरंच रात्री एक वाजता बुकिंग करून बघा. दिवसा तपासणाऱ्याला हा दोष कधीच दिसणार नाही. आणि तारीख ०५/०६ अशी छापू नका, ती कुणी ६ मे अशीही वाचेल. ‘५ जून’ लिहा.

*

नवी साइट होऊन चार महिने झाले. गूगलवर नाव टाकलं तरी येत नाही.
— वेंगुर्ला

तुमची साइट वर्डप्रेस या तयार सॉफ्टवेअरवर बनवलेली आहे. सेटिंगमध्ये ‘वाचन’ या भागात जा. सर्च इंजिनांना ही साइट नोंदवू नका, अशा अर्थाची एक चौकट तिथे असते. साइट बनत असताना तिच्यावर टिचकी मारतात आणि सुरू करताना काढायला विसरतात. तुमची अजून तशीच आहे. काढा, आणि गूगल सर्च कन्सोलमध्ये साइट नोंदवून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी चार महिने लागणार नाहीत.

*

प्लगिनचे अपडेट साठलेत. सगळे एकदम दाबू का? बॅकअप घेतलाय. गणपती तोंडावर आलेत.
— अलिबाग

गणपती तोंडावर आलेत म्हणूनच नको. पण महिनोन्‌महिने साठवायचेही नसतात, जुन्या प्लगिनच्या (साइटला जोडलेल्या छोट्या तयार सॉफ्टवेअरच्या) भोकांतूनच चोर शिरतात. सुरक्षेचा तातडीचा अपडेट असेल तेवढा आजच घ्या, बाकीचे विसर्जनानंतर. आधी बॅकअप, मग साइटची हुबेहूब दुसरी प्रत करून तिथे एकेक अपडेट, मग फॉर्म, पेमेंट, बुकिंग भरून बघायचं, मग खऱ्या साइटवर.

बॅकअप घेतलाय म्हणता, तो कुठे आहे? त्याच सर्व्हरवर असेल तर सर्व्हरबरोबर तोही जाईल. आणि त्यातून साइट परत उभी करून बघितली आहे का? ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात तुमच्याच जिल्ह्यात वीज आणि मोबाइल किती दिवस नव्हते ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त सांगाल. साइट कुठे दूरच्या सर्व्हरवर खुशाल चालू होती, पण ‘आम्ही बंद आहोत, येऊ नका’ एवढं लिहायला पासवर्डवाला माणूस संपर्कात नव्हता, अशी गत कितीतरी जणांची झाली. पासवर्ड आणि बॅकअप, दोन्ही जिल्ह्याबाहेरच्या एका भरवशाच्या माणसाकडे असू देत.

*

वय ७४. समुद्राच्या फोटोवर पांढरी बारीक अक्षरं लिहिण्याची फॅशन कुणी काढली?
— हर्णै

ज्यांना अजून चष्मा लागलेला नाही त्यांनी. सुगम्यतेच्या, म्हणजे कमी दिसणाऱ्यांनाही साइट वापरता यावी यासाठीच्या, आंतरराष्ट्रीय निकषांत बारीक मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजळपणाचा फरक किमान ४.५ ला १ असावा लागतो. मोजायला फुकट साधनं आहेत. लाटेचा फेस आणि पांढरी अक्षरं यांत तो जवळपास १ ला १, म्हणजे फरक नाहीच. ज्यांच्या साइटवर असा फोटो आहे त्यांनी तुमचं पत्र छापून भिंतीला लावावं.

*

मी कुडाळात साइट बनवतो. गिऱ्हाईक फोन करून ‘साइट चालत नाही’ म्हणतं, मी उघडतो तर सगळं नीट दिसतं. मग कोण बरोबर?
— कुडाळ

साइट त्याने वापरायची आहे, तेव्हा तो. तुम्ही फायबरवर, मोठ्या पडद्यावर, आणि मुख्य म्हणजे ॲडमिन म्हणून आत शिरलेल्या अवस्थेत बघता. आत शिरलेल्याला बहुतेक वेळा ताजं पान मिळतं, बाहेरच्याला साठवून ठेवलेलं जुनं. ब्राउझरच्या खाजगी (इन्कॉग्निटो) खिडकीत, मोबाइल डेटावर, साध्या फोनवर उघडा. व्हॉट्सॲपमध्ये आलेल्या लिंकवर टिचकी मारून उघडा, निम्मी गिऱ्हाइकं तशीच येतात. तुमच्या नमुन्याच्या साइटवर पहिल्याच पानावर कॅमेऱ्यातून जसेच्या तसे उतरवलेले फोटो आहेत, एकेक पाच-पाच एमबीचा. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा ही गूगलची चांगल्या पानाची व्याख्या. राजापूरच्या घाटीत गाडीत बसलेल्या माणसाला तुमचा फोटो अडीच मिनिटांतही दिसणार नाही. लांबी १६०० पिक्सेलवर आणा, वेबपी या हलक्या प्रकारात साठवा आणि मग बोला.

आणि तक्रार घ्यायची पद्धत बदला. ‘चालत नाही’ ऐकलं की रागावू नका, विचारा: कुठलं पान, कुठला फोन, वायफाय की डेटा, किती वाजता, काय दाबलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. पडद्याचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. एवढ्यावर निम्मे दोष जागच्या जागी सापडतात. प्रत्येक तक्रार वहीत ओळ म्हणून चढवा, त्यापुढे तारीख. दुरुस्त केलंत की स्वतःच काट मारू नका. ज्याने कळवलं त्याला त्याच्याच फोनवर पुन्हा उघडायला सांगा, तो हो म्हणाला की मग काट.